एकशे चोवीस नंबरचा शर्ट

ओकायामा, ३ मार्च

प्रिय क्योहेई,

तुझं पत्र शुक्रवारी दुपारी आलं. फोनवर दोन मिनिटांत विचारून मोकळा झाला असतास, पण तू मुद्दाम लिहून विचारलंस, तेव्हा मलाही लिहायला बसणं भाग आहे. संघाने तुला बुलपेनमधली कायमची नोकरी देऊ केली आहे. सामन्याआधी आणि सामना चालू असताना पिचर तिथे चेंडू टाकून हात मोकळा करतील, तू कॅचर म्हणून ते झेलायचे. ती घेतलीस की खेळाडू म्हणून तुझं नाव तिथेच संपलं. नाही घेतलीस, तर हे तुझं तिसरं आणि शेवटचं वर्ष. जुलैअखेर मुख्य संघाच्या सत्तर जणांच्या यादीत नाव लागलं तर लागलं, नाहीतर ऑक्टोबरात सामान बांधून घरी. दहा तारखेच्या आत उत्तर द्यायचं आहे. आणि खाली तू लिहिलंस, "बाबा, बाप म्हणून सांगू नका. चाळीस वर्षं क्रेन्सचे बेसबॉलचे सामने बघणारा माणूस म्हणून सांगा." हे मी तुझ्या आईला वाचून दाखवलं. ती शर्टांना टोकन लावत होती. मान वर न करता म्हणाली, "पोरगं हुशार आहे. बाप म्हणून तुम्हाला आजवर काय सांगता आलंय?"

तर आधी संघाचं सांगतो. माझं सगळं शास्त्र आपल्या लाँड्रीच्या दुकानात आहे, हे तुला ठाऊक आहे. मोसम सुरू व्हायच्या आधी लोक कपाटातले क्रेन्सचे शर्ट काढतात आणि धुवायला आणतात. कुणाच्या नंबराचे किती आले, हे मी गेली तीस वर्षं बघतो आहे, आणि वर्तमानपत्रातल्या पंडितांपेक्षा माझे अंदाज कमी चुकतात. यंदा पिचर कुगाचा अठरा नंबर अकरा वेळा आला. खांद्याचं दुखणं काढूनही लोकांचा त्याच्यावर जीव आहे. वाकेयामाचा सत्तावीस नंबर पाच वेळा, पण आणणारे सगळे साठीच्या पुढचे. त्यातल्या मिझोबे आजी तुला आठवतच असतील. कॉलरला खळ जास्त घाला म्हणून बजावून गेल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "वाकेयामाचा गुडघा आणि माझा गुडघा आता एकाच वयाचे झालेत. फरक एवढाच की मला कुणी पळायला सांगत नाही."

पिचर यंदा चार चांगले आहेत. पाचवा कोण, हे देवालाही माहीत नसावं. बाहेरच्या मैदानात डावीकडे दोघे एकाच ताकदीचे आहेत आणि उजवीकडे एकही नाही. हे दरवर्षीचंच रडगाणं आहे, त्यात मी शिरत नाही. लोक पहिल्या नऊ नावांवर भांडतात. मी मात्र यादी खालून वाचतो. ऑगस्टच्या उकाड्यात कुणाचं बोट मोडतं, कुणाची कंबर धरते, आणि मग पंचावन्नावा, साठावा माणूस अचानक मैदानात उभा राहतो. तो कसा आहे, त्यावर संघ तिसरा येतो की पाचवा, हे ठरतं. सहा वर्षांपूर्वी आपण शेवटचे आलो ते अशाच एका ऑगस्टमुळे. तेव्हा तू कॉलेजात होतास, आणि रागाने रेडिओ बंद करून ठेवला होतास. मी तो तुझ्या पाठीमागे पुन्हा लावला होता.

आता कॅचर. वाकेयामा छत्तीसचा, डोकं शाबूत, गुडघा गेलेला. सेराओ अठ्ठावीसचा, दगडासारखा बसतो, पण त्याचा दुसऱ्या बेसवर जाणारा चेंडू अजून रमतगमत जातो. हिगाशिदे बावीसचा, पहिल्या पसंतीने घेतलेला. बॅट उत्तम, आणि चेंडू पायांत सुटला की तोंड असं करतो जणू चूक चेंडूची आहे. हे तिघे दोन आकडी नंबरवाले. त्यांच्या मागे तुम्ही दोघे तीन आकडी, अजून शिकाऊ म्हणून ठेवलेले: एकशे एकतीस नंबरचा एकोणीस वर्षांचा कोदामा आणि एकशे चोवीस नंबरचा क्योहेई नान्बा. सत्तरच्या यादीत एकोणसत्तर नावं भरली आहेत. उरली आहे एक जागा. चाहता म्हणून विचारतोस, तर तुझ्या प्रश्नाचा सगळा पेच या एका जागेत आहे.

इथे थोडं आडवळण घेतो, रागावू नकोस. तू कॅचर झालास तो माझ्यामुळे नाही, आईमुळे. तिसरीत असताना शाळेच्या संघात तोंडावर जाळी बांधायला कुणी तयार नव्हतं, तेव्हा तू घरी येऊन रडलास की सरांनी मलाच बसवलं. मी म्हणणार होतो की सरांशी बोलतो. आई म्हणाली, "बस की मग. सगळं मैदान समोरून दिसेल." त्या दिवसापासून दुकानामागे वाफेच्या नळीपाशी मी चेंडू टाकायचो आणि तू झेलायचास. वाळत घातलेल्या चादरींवर चेंडू लागला की आई आपल्या दोघांनाही आत घ्यायची नाही. तेव्हा मला एक गोष्ट कळली होती आणि मी ती तुला कधी सांगितली नाही. तुझ्या हातात चेंडू पडला की आवाज कोरडा आणि मोठा यायचा. माझ्यासारख्याने टाकलेला चेंडूसुद्धा जोरात आल्यासारखा वाटायचा. मी दुकानात परत यायचो तो छाती काढून.

मग तुझी निवड झाली तो दिवस. टीव्हीवरचं खेळाडूंच्या निवडीचं थेट प्रक्षेपण संपून गेलं होतं, आईने सुशीची ताटं झाकून ठेवली होती, आणि तेव्हा फोन आला. शेजारचे, गिऱ्हाइकं, सगळे दुकानात जमले. कुणीतरी विचारलं, "नान्बाकाका, आता पोराच्या नंबरचा शर्ट घालणार ना?" आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "दोन आकडी नंबर मिळू दे, मग घेतो." सगळे हसले. तूही हसलास. आई हसली नाही, हे मला खूप नंतर आठवलं. या अडीच वर्षांत मी स्टेडियममध्ये गेलो तो माझा जुना नऊ नंबरचा शर्ट घालूनच. लोकांना सांगत राहिलो की खऱ्या चाहत्याने घरचं माणूस मध्ये आणू नये. फार रुबाबात सांगायचो.

आता एक कबुली. गेल्या महिन्यात मी तुला कळवलं की पाय दुखतो आहे, यंदा कोचीला संघाचं सरावशिबिर बघायला येत नाही. माझा पाय ठणठणीत आहे. अकरा तारखेला, सकाळी भुरभुर पाऊस पडला त्या दिवशी, मी तिथे होतो. तुला न कळता बघायचं होतं, कारण मी दिसलो की तू बॅट घट्ट धरतोस. आईला सांगितलं की खळ आणायला चाललोय. तिने डब्यात भाताच्या चार ओनिगिरी बांधून दिल्या आणि म्हणाली, "खळ आणायला बराच लांब जाताय. त्याला माझा निरोप द्या, भेटलात तर."

जाळीला नाक लावून मी तुझे फटके बघितले. कोदामाने तीन चेंडू कुंपणापलीकडच्या संत्र्यांच्या झाडांत घातले, आणि म्हातारे चाहते त्याच्यासाठी टाळ्या वाजवायला लागले. तुझी बॅट येते सरळ, पण थोडी उशिरा येते. तिसऱ्या वर्षीही उशिरा येते आहे. मग मी बुलपेनकडे गेलो. पाच कॅचर ओळीने थांबले होते. खांदा सावरत असलेला कुगा आला, समोर सेराओ बसायला निघाला होता, आणि कुगाने हात हलवून तुला बोलावलं. तू बसलास. पहिला चेंडू तुझ्या हातात पडला आणि दुकानामागचा तो आवाज आला. चाळीस चेंडू टाकले त्याने. वीस झाल्यावर त्याचे खांदे सैल पडले, तिसाव्याला तो हसला. तू प्रत्येक चेंडूनंतर काहीतरी बोलत होतास, ते मला ऐकू आलं नाही. माझ्या शेजारी उभा असलेला अनोळखी म्हातारा म्हणाला, "ह्या पोराला झेलायला दिलं तर माझाही चेंडू जोरात जाईल."

तेव्हा चाहता म्हणून माझं उत्तर हे आहे: नोकरी घे. उरलेली जागा कोदामाला मिळणार, आणि मिळायलाही हवी, कारण संघाला बॅट हवी आहे. पण कुगा मेमध्ये उभा राहिला, आणि तो पाचवा पिचर कुठून तरी निघाला, तर ते रोज त्यांच्यासमोर कोण बसलं होतं त्यामुळे होईल. यादी खालून वाचणाऱ्या माणसाला यादीबाहेरचं नावही वाचता यायला हवं. ते मी इतकी वर्षं वाचलं नाही, ही माझी चूक. हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये. तू कुणी परका असतास तरी हेच म्हणालो असतो. मात्र जुलैपर्यंत खेळून बघायचंच असं तुझ्या मनात असेल, तर मोडता घालणारा मी नव्हे. ऑक्टोबरात घरी आलास तर इस्त्री अजून तुझी वाट बघते आहे, असं आई म्हणते. मला नाही वाटत, तुझ्या हातून इस्त्री कधीच सरळ फिरली नाही.

एवढं सांगून थांबलो असतो, पण हे पत्र मी त्यासाठी लिहायला घेतलेलं नाही. त्या दिवशी दुपारी शिबिराबाहेरच्या उदोनच्या, त्या जाड शेवयांच्या, दुकानात बसलो होतो. समोर एक माणूस येऊन बसला, पन्नाशीचा, परागकणांच्या त्रासाने डोळ्यांखालपर्यंत मास्क बांधलेला. माझा नऊ नंबर बघून खूश झाला. "काका, जुने दिसता. एक जागा उरली आहे, तीन आकड्यांतला कुठला कॅचर घ्याल?" आणि मला कुणी मत विचारलं की माझं काय होतं, तुला माहीत आहे. वाटीतलं उदोन गार होईपर्यंत मी बोललो. कोदामा, म्हणालो. एकशे चोवीसचे हात चांगले आहेत, पण बॅट उशिरा येते, ती आता सुधारायची नाही. त्याने मान हलवली आणि सहज विचारलं, "त्या एकशे चोवीसला ओळखता वाटतं? फार बारीक बघितलंय." मी म्हणालो, "छे हो, नुसता बघतो." पाच दिवसांनी वर्तमानपत्रात तुमच्या दुसऱ्या फळीच्या नव्या कॅचर-प्रशिक्षकाचा फोटो आला, बिनमास्कचा, आणि डोळे तेच होते. मग चोवीस तारखेला तुला नोकरीचं विचारलं गेलं. एका लाँड्रीवाल्याच्या सांगण्यावर संघ चालत नाही, एवढं मलाही कळतं. जे म्हणालो ते खरंच होतं, आज कुणी विचारलं तरी तेच म्हणेन. पण मी तुला ओळखतो का, असं त्याने विचारलं आणि मी नाही म्हणालो, क्योहेई. निःपक्षपाती दिसावं म्हणून. तीन आठवडे ते मला टोचतं आहे, आणि माझं मत मानायच्या आधी तुला हे ठाऊक असायला हवं. फोटो बघितला त्या दिवशीच मी स्टेडियमच्या दुकानात गेलो. तीन आकडी शर्ट ते ठेवत नाहीत, मुद्दाम शिवून घ्यावा लागतो. काल तो आला. शिवायला सांगितला तेव्हा मला नोकरीचं काही माहीत नव्हतं, पण आता बघितलं तर बुलपेनवालेही तीन आकडी नंबरच घालतात, म्हणजे तू दहा तारखेला काहीही कळवलंस तरी शर्ट चालणार आहे. नवं कापड आटतं म्हणून एकदा धुतला, इस्त्री केली आणि दुकानात समोरच टांगला. आज सकाळी मिझोबे आजी त्यांचा सत्तावीस न्यायला आल्या. चष्मा वर करून म्हणाल्या, "एकशे चोवीस? हा कोण बाई? कुणी टाकलाय धुवायला?" मी म्हणालो, "माझा आहे आजी. माझा मुलगा आहे तो."

शर्ट घालून पहिल्या सामन्याला येणारा,
तुझाच,
बाबा