चंद्राची बेल

७ जानेवारी
वाजली! चंद्राने स्वतः वाजवली!

तिला अर्धांगवायू होऊन दोन महिने झाले. वाचा गेली, उजवं अंग गेलं, डावंही जवळपास गेलं, डाव्या हाताचं एक बोट तेवढं हलतं. साधी बेलची कळ दाबवेना. मग म्हटलं, दाबायचंच कशाला? नुसतं टेकवायचं. पत्र्याच्या दोन पट्ट्या, दोन ट्रान्झिस्टर, मोबाईलचा जुना चार्जर. दोन्ही पट्ट्यांना बोट लागलं की कातडीतून इवलासा करंट जातो. तेवढ्यावर पहिला ट्रान्झिस्टर चालू, तो दुसऱ्याला चालू करतो, की बझर वाजला! बोईसरच्या कंपनीत तीस वर्षं इन्स्ट्रुमेंटवर काढली, पण एवढा आनंद कुठल्या पॅनलने दिला नाही.

तानी – घरकामाला येते ती – म्हणाली, "काकी हसल्या, तुमी बगितलं काय?"
बघितलं की!

९ जानेवारी
सकाळपासून सतरा वेळा बेल. पाणी. कूस. माशी. नंतर तर काहीच नाही, नुसता मी समोर दिसायला हवा. तिकडे भाजी करपली आणि मी खेकसलो – "किती वेळा गं! काय छळ मांडलायस!"

तिने तोंड फिरवलं. जीभ झडो माझी.

१० जानेवारी
मागच्या अंगणात ऐकू यावं म्हणून मोठा भोंगा जोडला. दुसरा ट्रान्झिस्टर जळाला! अतिशहाणपणा, दुसरं काय. आमच्या सालवडसारख्या गावात सुटा ट्रान्झिस्टर कुठला मिळायला? जुन्या टीव्हीच्या बोर्डावरून एक उपटला. नंबर पुसलेला, पण दिसायला तसाच. सोल्डर मारला, छोटा बझर परत लावला. माझा अंगठा टेकवला – वाजला. झालं काम.

१३ जानेवारी
तीन दिवस बेल नाही. रुसली आहे. आज तिचे पाय धरले, खरंच धरले. "चुकलो गं, वाजव ना." नुसती बघत राहिली. डोळ्यांतून पाणी.

लग्नाच्या पहिल्या वर्षी आठ दिवस अबोला धरला होता तिने. पण तेव्हा चहा तरी आणून ठेवायची.

बेल पुन्हा तपासली. माझ्या अंगठ्याने चांगली वाजते.

१८ जानेवारी
तानी म्हणते, "काका, काकींचा हात सारका त्या पट्टीवरच हाय."
असेल. एकाच पट्टीवर ठेवत असणार, मुद्दाम. दोन्हींवर ठेवलं की मी धावत येईन हे पक्कं ठाऊक आहे तिला. हट्टी बाई!

२१ जानेवारी
आजही नाही.

२४ जानेवारी
चंद्रा गेली. दुपारी. मी मागे चादरी धूत होतो, फार तर वीस मिनिटं. आलो तर संपलं होतं. हात पट्ट्यांवरच.

शेवटचीसुद्धा हाक मारली नाहीस. एवढा राग, चंद्रा?

५ फेब्रुवारी
तेरावं झालं. लोक जेवून गेले.

९ फेब्रुवारी
तानीचा बाप, जिव्या, अंथरुणाला खिळलाय. "ती बेल द्याल काय, काका?" घेऊन जा, म्हटलं. मला ती डोळ्यांसमोर नको.

तानीने माझ्यासमोर बोट टेकवलं. दोन्ही पट्ट्यांवर, नीट.
"वाजत नाय, काका."
मी टेकवलं – वाजली. पुन्हा तिने – नाही. चार वेळा तेच. तानीची बोटं थंडीने फुटलेली, कोरडी ठक्क. माझ्या हाताला बारमाही घाम.

चंद्राचं बोट तर कागदासारखं कोरडं झालं होतं. बेल ठेवून घेतली. उद्या उजेडात मीटर लावतो.

१० फेब्रुवारी
टीव्हीवरच्या ट्रान्झिस्टरचे बाजूचे दोन पाय उलटे येतात. मी न तपासता लावला. उलटा लागला तरी चालतो, पण अगदी लुळा. घामट अंगठ्याला वाजतो, कोरड्या बोटाला नाही. कंपनीत नव्या माणसांवर मीच ओरडायचो – पाय तपासल्याशिवाय सोल्डर मारू नका!

सुलटा लावला. तानीला म्हटलं, टेकव.
वाजली.

चौदा दिवस ती मला हाका मारत होती.