चिकटत नाहीत

२ मार्च, सकाळी ९.१०
आजपासून रोज दोन ओळी लिहायच्या. पीएचडीचं सहावं वर्ष. विषय सोपा आहे, लोकांना कळत नाही एवढंच. पेशीच्या अंगावर एक रिसेप्टर असतो. बाहेरच्या टोकाने तो आधार धरतो, आतलं टोक एन्झाइम असतं, ते आत निरोप पाठवतं की जागा मिळाली, पसरा. माझं म्हणणं, हा बंद केला की पेशी डिशला चिकटणार नाहीत. गाईड मॅडम म्हणाल्या, पंधरा दिवसांत दाखव, नाहीतर प्रोजेक्ट ज्युनिअरला देते. दाखवतोच.

५ मार्च
रिसेप्टर बंद केला, तासाभराने पाहिलं. एकही पेशी चिकटलेली नाही. बायकोला फोन केला. ती म्हणाली, आणि बंद न केलेल्या? हिला नसत्या चौकशा.

५ मार्च, दुपारी
त्याही चिकटल्या नाहीत.

९ मार्च
पुन्हा तेच. डिशच भिकार आहेत. स्टोअरवाला म्हणतो, बाकी सगळ्यांच्या पेशी चिकटतात यात. नाचता येईना अंगण वाकडं, हे त्याने मला ऐकवावं.

११ मार्च
नव्या डिश. सगळ्या तरंगतायत. एसीचा दोष.

१३ मार्च
जुन्या डिशमधून पेशी सोडवायला ट्रिप्सिन घालतात. दोन-तीन मिनिटं पुरे म्हणतात. मी पंचवीस ठेवतो, तेवढ्यात चहाही होतो. आज ज्युनिअर शेजारी उभी होती. हळूच म्हणाली, दादा, इतका वेळ ठेवलं तर ते पेशीच्या अंगावरचं सगळं कापतं, तुमचा रिसेप्टरसुद्धा. मी म्हटलं, माहीत आहे मला. जेवण गेलं नाही.

१४ मार्च
कालची पोर मला शिकवणार? तरी मन मोठं करून वीस मिनिटांवर आलो.

१७ मार्च
दाखवायला काही नाही. मॅडम रागावल्याही नाहीत. रागावल्या असत्या तर बरं होतं.

२६ मार्च
ज्युनिअरने दोन मिनिटांत पेशी सोडवल्या. साध्या पेशी डिशला घट्ट, रिसेप्टर बंद केलेल्या सगळ्या तरंगत. म्हणजे माझंच खरं होतं. अक्षरशः माझंच.

२७ मार्च
मॅडमनी मला तिच्या मदतीला दिलंय, चिकटलेल्या पेशी मोजायला. सकाळपासून मायक्रोस्कोपला बसलो. इतक्या छान पसरलेल्या पेशी सहा वर्षांत पाहिल्या नव्हत्या. फार वाईट वाटलं. दोनदा आकडा चुकला. ज्युनिअर म्हणाली, दादा, राहू द्या, मी मोजते.