भिंतीतल्या गोचिडी

४ जुलै
आज मंद्रूपच्या जनावरांच्या दवाखान्यात रुजू झाले. आईला घोर होता की कुर्डुवाडीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली मुलगी गावात राहणार कुठे. पण गावातल्या एका शेतकऱ्यानं, कुंडलिकरावांनी, आपल्या घराची मागची खोली दिली. तिची आणि गोठ्याची भिंत एकच, जुनी, दगडमातीची, भेगाळलेली. शेणाचा वास येतो, पण जनावरांच्या डॉक्टरला त्याचं काय कौतुक! त्यांच्या आई रंभाबाईंनी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही दिलं. मी लाज सोडून पुन्हा मागून घेतलं. गोठ्यात म्हातारी खिलार आणि नवी संकरित गाय आहे, राणी. पहिलटकरीण, गाभण. बाजारातून आणली आणि थेट दावणीला बांधली. थोडे दिवस वेगळी ठेवायची होती, म्हटलं. सगळे हसले. मीही हसले.

९ जुलै
राणीच्या कानांत, कासेवर गोचिडी. औषध मारलं. भेगांतही मारा, उकिरडा लांब न्या, असं बजावलं. कुंडलिकराव म्हणाले, खिलारीच्या अंगावर जल्मभर गोचडं हाईत, तिला काय झालं? अहो, ती काटक, ही नाजूक! बोलून बोलून घसा बसला. उकिरडा आहे तिथेच आहे.

१३ जुलै
रंभाबाई राणीच्या गोचिडी वेचत होत्या. एकेक टपोरी, रक्तानं तट्ट फुगलेली. मी रॉकेलचा डबा पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला आणि गोचीड अलगद भिंतीच्या भेगेत ठेवली. तिच्यात गाईचं रगात हाय, ते सांडू न्हाय, म्हणाल्या. त्यांच्या सासूबाईही असंच करायच्या म्हणे. आजी, एकेक मादी हजारो अंडी घालते, तुम्ही पिढ्यान्पिढ्या भिंत पोसताय, असं मी ओरडलेच. व्हय की, म्हणाल्या, पोसली म्हंजे गप ऱ्हाती.

१६ जुलै
राणीला ताप, एकशे सहा. खांद्याजवळची गाठ लिंबाएवढी सुजली आहे. गोचीडतापच. सोलापूरहून निघालेलं इंजेक्शन अजून वाटेतच आहे. कुंडलिकरावांच्या बायकोनं, रेश्मानं, हट्टानं ही गाय आणली होती. डॉक्टरीणबाई, वाचंल न्हवं? असं सारखं विचारते. वाचेल, मी म्हणाले.

१९ जुलै
राणी गेली. वासरू पोटातच. रेश्मा नुसती दावं गुंडाळते आणि सोडते. मला रडू येतंय आणि त्याहून जास्त संताप. आज कुणाचं ऐकलं नाही. गवंडी बोलावला, गोठ्याकडून अख्खी भिंत सिमेंटनं लिंपून घेतली, खिलार मळ्यात हलवली. आता गोचडं काय खात्याल, असं रंभाबाईंनी विचारलं. उपाशी मरतील, मी म्हटलं. त्या माझ्या खोलीकडे बघत राहिल्या.

२२ जुलै
भिंत खसखसते. उंदीर असणार. अंग कसकसतंय, मानेवर घामोळं. दवाखान्यात सगळ्यांवर खेकसले. नको झालंय हे गाव.

२४ जुलै
ताप. घामोळं नाही ते. कानामागून एक ओढून काढली, चिरडली. बोट लाल.
गोठ्याची बाजू लिंपली. माझी बाजू — मूर्ख! गावाला अक्कल शिकवत फिरले, आणि आपल्याच खोलीतल्या भेगा —

२५ जुलै, दुपार
पाय हलत नाहीत. दारापर्यंत —
हाका मारल्या. रंभाबाई खिडकीशी आल्या. आत येईनात. हलू नगा बाई, म्हणाल्या, प्वाट भरलं की जात्यात.
भरत नाहीय. किती वर्षांची भूक —
भिंत दिसत नाही. नुसती हलतेय.
कॉलेजात शिकवलं होतं, गोचीड श्वासाच्या मागावर येते. खरंय. सोडला की सरकतात, रोखला की थांबतात.
आता पलंगाच्या काठावर. थांबल्यात. रोखून धरलाय. लिहितेय तोवर जमतंय. छाती फुटेल असं —
एकच सोडते, अगदी हळू —