तोंडावरची शाई

दि. ४ मार्च

चि. धाकटीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या प्रचारासाठी चार दिवस पायाला भिंगरी लावून हिंडले. काल घरी पोचते तर मागोमाग त्या छापखानेवाल्याचं पत्रक हजर! म्हणे तू दवाखान्यातली औषधं बाहेर विकलीस, म्हणून तुला काढून टाकलं. तेहतीस वर्षं नर्स होतीस, निरोपाच्या दिवशी अख्खा वॉर्ड रडला होता. आमच्या कॉन्व्हेंटच्या मदर खोटं बोलणाऱ्याच्या जिभेला साबण लावायच्या. तुझ्याविरुद्ध निवडणुकीला उभ्या राहिलेल्या ह्याला तर अख्खी वडी लागेल. उचलली जीभ लावली टाळ्याला! तू गप्प बसू नकोस.

घसा बसला असेल, गुळण्या कर. माया आहेच, ती वाढव.

तुझी ताई

दि. ९ मार्च

ती. ताईस शि. सा. न.

पत्र वाचून आधी हसले. माझं मी बघते; इथली माणसं मला सुईसकट ओळखतात. पण दुसरंच घडलंय. छापखानेवाल्याची बायको मुलीला घेऊन माहेरी गेली. तो बाहेर तोंड काळं करतो, असं गावभर झालंय. भाजीवालीला विचारलं, तुला कोणी सांगितलं? तर म्हणाली, अहो, तुमच्या ताईंनीच!

आठव. प्रचाराच्या दिवसांत आपण दोघी भाजीवालीसोबत पायरीवर चहा पीत होतो. तो शाईनं माखलेला समोरून गेला आणि तू म्हणालीस, हा गृहस्थ रोज तोंड काळं करूनच घरी जातो. आपण पोट धरून हसलो. भाजीवालीही हसली.

माझे कार्यकर्ते खूश आहेत. म्हणतात, आपण काही न बोलता मतं येतायत. मला त्या मतांची शिसारी येते. मतदान सोळाला आहे. उचललेली जीभ तुझी, ताई. तूच ती खाली ठेव.

रागावलीस तरी लोभ सोडू नकोस.

धाकटी

दि. ११ मार्च

सौ. वहिनींस सा. न. वि. वि.

आपली ओळख नाही. तुमच्या यजमानांविरुद्ध उभ्या असलेल्या नर्सबाईंची मी थोरली बहीण. तोंड काळं करतो, हे वाक्य माझं. मी ते त्यांच्या गालावरच्या शाईबद्दल बोलले. त्यांचं वावगं काही मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं नाही. दुसरा अर्थ ठाऊक नव्हता असं लिहिणं सोपं होतं; पण मी एकतीस वर्षं मराठी शिकवलं. ठाऊक होता, म्हणून तर हसू आलं.

यजमानांनी हे पत्र मतदानाआधी खुशाल छापून वाटावं. फक्त शुद्धलेखन बिघडवू नये.

माझ्यावर राग जरूर ठेवा, त्यांच्यावर नको.

आपली अपराधी,
नर्सबाईंची ताई

दि. १८ मार्च

ती. ताईस शि. सा. न.

छत्तीस मतांनी पडले. हे आधीच सांगते, म्हणजे बाकीचं नीट वाचशील.

तुझं पत्र छापलं गेलं नाही. ते हातात घेऊन छापखानेवाल्याची बायको तेराला परतली, ती थेट माझ्या दारात. म्हणाली, छापलेल्यावर आता कोण विश्वास ठेवतंय, तुम्ही तोंडानं सांगा. मग शेवटच्या सभेत मीच ते वाचलं, काना-मात्रा न गाळता. निम्मे कार्यकर्ते उठून गेले. ती मुलीला मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसून राहिली.

माझ्यावरच्या पत्रकाबद्दल त्यानं अजून अवाक्षर काढलेलं नाही. काल त्याच्या दारावरून गेले. मला पाहताच त्यानं घाईघाईनं रुमाल काढला आणि गाल पुसायला लागला. जितकं पुसलं, तितकी शाई पसरली.

मी हसले नाही, ताई. हसू मात्र आलं होतं.

लोभ आहे तेवढाच राहू दे.

तुझी पडलेली धाकटी