खर्जातला हुंदका

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार, आणि तो नेहमीसारखा हात हलवून उडवून लावू नकोस, कारण या वेळी मी तो मनापासून घातला आहे. तुझे गुडघे काय म्हणतात? डॉक्टरांनी जिने चढू नका असं सांगितल्यावर तू जिने सोडण्याऐवजी डॉक्टरच बदललास, हे ऐकून आम्ही सगळे निर्धास्त झालो. इकडे सर्व ठीक. तुझ्या भाचेसुनेची तब्येत उत्तम आहे आणि माझ्याबद्दलची तिची मतंही पूर्वीइतकीच खणखणीत आहेत.

आता मुद्द्यावर येतो (हसू नकोस, येतोच आहे, वाटेत जरा टेकेन इतकंच). आमचं रेकॉर्डवाल्यांचं एक मंडळ आहे, हे तुला फोनवर सांगितलंच होतं. दातांचे डॉक्टर, भूगोलाच्या बाई, निवृत्त पोस्टमास्तर आणि मी. रविवारी सकाळी कुणातरी एकाच्या घरी जमायचं आणि सध्या आपण घरी काय ऐकतोय ते रेकॉर्ड लावून बाकीच्यांना ऐकवायचं. ऐकताना कुणी बोलायचं नाही आणि ऐकून झाल्यावर कुणाला थांबवायचं नाही, एवढे दोनच नियम. पहिला अधूनमधून मोडतो, दुसरा आजवर मोडलेला नाही. दातांचे डॉक्टर दर खेपेला अशी काही रेकॉर्ड पिशवीतून काढतात की बाकीच्यांची तोंडं उतरतात, आणि वर मान वेळावून म्हणतात, "अशीच सापडली हो." माणसाला एखादी वस्तू अशीच सापडावी, मान्य. पण दर रविवारी? माझ्या रेकॉर्डी चांगल्या आहेत, पण त्या सगळ्यांकडेच आहेत. माझी लागली की पोस्टमास्तर डोळे मिटतात आणि बाई खिडकीतून बाहेर बघतात. दोन वर्षं हे मी हसतमुखाने सोसलं (ही म्हणते, हसतमुखाने नाही. पण ही मंडळात नाही).

अशात मी फ्रेमांच्या दुकानाची मागची खोली आवरायला काढली. तुझा भाऊ, म्हणजे आमचे दादा, गेल्यापासून तिथे कुणी हात लावलेला नव्हता. फ्रेमांचे तुकडे, फुटक्या काचा आणि कोपऱ्यात एक बुटकं कपाट, ज्यावर दादांचं सरसाचं भांडं होतं, आता पाझरून रिकामं झालेलं. ते कपाट नव्हतंच. झाकण उघडलं तर आत रेकॉर्ड प्लेअर! आणि त्याच्या खालच्या खणात, जुन्या सदऱ्यात गुंडाळलेली, एकच छोटी रेकॉर्ड. मधला कागद सरसाने खाल्लेला, नाव नाही, गाव नाही. मी प्लेअर घरी आणला, पट्टा बदलला, सुई बदलली आणि रेकॉर्ड लावली.

आत्या, काय आवाज होता तो! पुरुषाचा, खोल, विहिरीतून आल्यासारखा. गाणं झोपाळ्याचं. पण झोपाळा असा, की एकदा वर गेला की खाली येईपर्यंत चहाला उकळी फुटावी. प्रत्येक शब्दावर तो बुवा मुक्काम करायचा. आणि शेवटी, वाद्यं थांबल्यावर, त्याच्या छातीतून एक हुंदका फुटायचा. लांब, जड, तीन टप्प्यांचा. 

त्या रविवारी पाळी आमच्या घराची होती. रेकॉर्ड संपली तेव्हा बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. पोस्टमास्तरांचे डोळे उघडे होते! मग मी बोललो. हा गायक आयुष्यभर एकटा राहिला असणार. प्रेमात पोळलेला. झोपाळा म्हणजे रिकामं घर. हुंदका म्हणजे जे गाण्यात मावलं नाही ते. बोलण्याच्या भरात मी त्याला दाढीसुद्धा दिली. डॉक्टर घसा खाकरून म्हणाले, "कुठे मिळाली?" मी मान वेळावली आणि म्हणालो, "अशीच सापडली हो." या एका वाक्यासाठी मी दोन वर्षं त्या माणसाला चहा पाजला होता.

वर छातीठोकपणे हेही सांगून बसलो, की हा गायक जिवंत असेल तर मी त्याला शोधून मंडळापुढे उभा करीन.

पुढच्या रविवारी सगळ्यांनी तीच रेकॉर्ड पुन्हा मागितली, तीही आमच्याच घरी. गाणं रंगात आलेलं असताना ही चहा घेऊन आली, ट्रे हातात धरून क्षणभर ऐकत उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, याला बरं नाही का? कुणीतरी पाणी द्या त्याला." मंडळ हादरलं. मी डोळे वटारले. पण माझ्या डोळ्यांना ती कधी भ्यायली आहे! तिने ट्रे ठेवला, वाकून बघितलं आणि म्हणाली, "ही वेगाची दांडी सरसाने चिकटलीय." मी म्हणालो, असू दे, माझ्या सगळ्या रेकॉर्डी मिनिटाला तेहतीस फेऱ्यांच्याच आहेत. तोवर तिने फळं कापायची सुरी घालून दांडी खटकन पंचेचाळीसवर नेली होती.

त्या दाढीवाल्या बुवाची एका क्षणात तरुण मुलगी झाली. झोपाळा झपाझप जायला लागला. आवाज असा मोकळा, की खोलीतली हवा बदलली.  आणि शेवटी वाद्यं थांबली, तेव्हा तो हुंदका आला. तो हुंदका नव्हता, आत्या. ते हसू होतं. खुदकन, तीन टप्प्यांचं, तू फोन ठेवताना हसतेस ना, तेच. "अगबाई," ही ओरडली, "या तर आत्या!"

मी मुळीच गांगरलो नाही. म्हणालो, बघा, शोधून काढीन म्हणालो होतो, काढली. (दाढीबद्दल क्षमा असावी.) डॉक्टर म्हणाले, "मला पहिल्यापासून शंका होती." सगळ्यांना नंतर पहिल्यापासूनच असते.

आता तुझी हकिकत मला ठाऊक आहे, सगळ्या घराला ठाऊक आहे. तुझी ही रेकॉर्ड निघाल्यावर तू ती पहिल्यांदा दादांना नेऊन दिलीस, ते म्हणाले वेळ मिळाला की ऐकतो. महिन्याने विचारलंस तर पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तू विचारलं नाहीस, आणि सख्ख्या भावाला माझं गाणं ऐकायला वेळ नाही तर मी गाते कशाला, असं म्हणून जी गप्प झालीस ती आजतागायत. भाच्याला झोपवतानासुद्धा तू गोष्ट सांगायचीस, गाणं नाही. तो भाचा मीच होतो. म्हणून तर आवाज ओळखला नाही! तेव्हा यात माझी चूक कुठेच नाही, हे तू मान्य करशील.

मोठ्यांना नमस्कार (आता तुझ्याहून मोठं कुणी राहिलेलं नाही, तेव्हा तोही तूच घे), लहानांना आशीर्वाद.

तुझा भाचा

ता. क. : येत्या रविवारी मंडळ आमच्याकडेच आहे. मी शब्द देऊन बसलो आहे. तू यायचं, आणि झोपाळ्याचं गाणं म्हणायचं. जिना एकच आहे, खुर्चीत बसवून वर नेऊ. पोस्टमास्तरांनी विचारलंय, की एकदा तेहतीसच्या वेगात म्हणाल का.

आणखी ता. क. : डॉक्टर काल दात बघायचं भिंग घेऊन आले होते. रेकॉर्ड न्याहाळून म्हणाले, ही कुणीतरी पुष्कळ वाजवलेली आहे, आणि शेवटचा भाग तर पार झिजलाय, सुई उचलून पुन्हा पुन्हा तिथेच टेकवल्यासारखा. शेवटी गाणं नाही, आत्या. तिथे फक्त तू हसतेस. मागच्या खोलीत दादा दार लावून एकटेच काम करायचे, आम्हाला आत यायला मनाई होती. मला आवरेना, मी डॉक्टरांसमोरच रडलो.

ही आत्ताच पत्र वाचून गेली. म्हणते, एवढंच लिहायचं होतं, बाकीची पानं कशाला भरलीत? तेव्हा बाकीचं पत्र नाही वाचलंस तरी चालेल.