एक्कावन्न वर्षांचा चुना

तोर्रेआल्वा,
सोमवार, १६ मार्च १९८७

प्रिय फेर्मीन,

पत्ता अजून तोच असेल असं धरून लिहितोय. आम्ही ठीक. रेमेदियोसचे गुडघे कुरकुरतात, माझी पाठ. करकोचे यंदा लवकर आले आणि चर्चच्या छपरावर नेहमीसारखी घाण करून बसलेत. बार्सिलोनात थंडी कमी झाली का?

खरी बातमी बुरुजाची. सारागोसाहून एक वास्तुतज्ज्ञ बाई आल्यात, दोन्या निएवेस. पँट घालून शिडीवर शेळीसारख्या चढतात. तीन पुरुष उंचीवरचं आपलं ते दार बघून हरखल्या. मला म्हणाल्या, "आधी इथे नुसता टेहळणीचा बुरूज होता. शत्रू दिसला की आतले शिडी वर ओढून घ्यायचे. दोनशे वर्षांनी सरदाराने त्याला चिकटून महाल बांधला." बाबा न्याहारीच्या भाकरीबरोबर रोज हेच सांगायचे. मी पहिल्यांदाच ऐकतोय असं तोंड करून ऐकलं.

महालाला कमानी, सज्जा, दारावर कोरीव ढाल, सगळा थाट; आणि उत्तरेचा वारा मात्र झेलायचा बिचाऱ्या बुरुजाने. हेही बाबांचंच बोलणं.

गेल्या बुधवारी बाईंनी ती उत्तरेची भिंत उघडली. जिथे पडली होती त्या भागाच्या वरच्या अंगाला. दगडांमागून एक करडा गोळा काढून माझ्या हातात ठेवला.

"सिमेंट! हे कुणी भरलं हो इथे? पाणी आत कोंडलं, थंडीत गोठलं आणि दगड बाहेर ढकलले गेले." मग खालच्या थरातला चुना नखाने खरवडत म्हणाल्या, "आणि हा बघा. लोण्यासारखा मळलेला. ज्याने केला त्याच्या हातांना दाद द्यायला हवी."

तो तू केला होतास.

फेर्मीन, सिमेंट मी भरलं. त्या ऑक्टोबरात भिंतीची दुरुस्ती माझ्याकडे होती आणि माझं नि रेमेदियोसचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. बाबा म्हणत होते, "चुन्याला वेळ दे, घाई करू नकोस." मी दोन पोती आणली, बाबा महालात काम करत असताना आत ओतली आणि वरून दगडांमधल्या दरजा तुझ्या चुन्याने भरल्या. दोन दिवसांत काम उरकलं. बाबांनी पाठ थोपटली.

फेब्रुवारीत भिंत बाबांवर कोसळली तेव्हा ढिगारा मीच उपसला. करडे गोळे वेचून मीच ओढ्यात टाकले. गाव म्हणालं, धाकट्याने कच्चा चुना दिला. बाबा तीन दिवस जगले, आणि त्यांनी तुला विचारलं, "पोरा, तुला चुना मुरेपर्यंत दम धरवला नाही का रे?" मी खाटेच्या दुसऱ्या बाजूला उभा होतो. तू माझ्याकडे बघितलंस. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

तू गेल्यावर आईने तुझी पत्रं न उघडता परत पाठवली. पोस्टात टाकायला मीच जायचो. सतरा पत्रं. आई तशीच गेली. तिच्या शेवटच्या आजारातही माझं तोंड उघडलं नाही. मला माफ कर असं लिहिताना मलाच लाज वाटते.

काल चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर चौकात सगळ्यांसमोर सांगितलं. कुणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. म्हातारी तोमासा तेवढी बोलली, "मेल्या, मी त्या लेकराच्या पाठीमागे थुंकले होते रे." मग ती तिथेच पायरीवर बसून रडली. रेमेदियोस कालपासून माझ्याशी बोललेली नाही. तिलाही कालच कळलं.

आता कामाचं. बाईंना भिंतीसाठी जुना मुरलेला चुना हवा आहे आणि आक्रोडाखालचा खड्डा त्यांना कुणीतरी दाखवला. बाबांनी आपल्या दोघांच्या जन्माच्या वेळी एकेक खड्डा चुना पाण्यात विझवून मुरायला ठेवला होता, ज्याचा त्याने आपल्या घराला वापरायचा म्हणून. माझा माझ्या घराला लागला. तुझा तसाच आहे, एक्कावन्न वर्षांचा. तू गेल्यापासून मी दर शनिवारी त्यात पाणी घालतो, वरचा थर एकदाही सुकू दिला नाही. सव्वीस वर्षांत तुझ्यासाठी मला एवढंच करता आलं.

बाई म्हणाल्या, "द्या ना." मी म्हटलं, "तो माझा नाही. माझ्या भावाच्या घराचा आहे."

तेव्हा तू सांग. हो म्हणालास तर तुझाच चुना त्या भिंतीला लागेल, आणि मळायला तू आलास तर मी फक्त पाणी आणून देईन. नाही म्हणालास तर खड्ड्याला कुणी हात लावणार नाही आणि मी पाणी घालत राहीन.

आणि हे पत्र न उघडता परत पाठवावंसं वाटलं तर खुशाल पाठव. घ्यायला मीच जाईन. तो रस्ता मला पाठ आहे.

ब्लास