दोन्ही कानांचा होकार

तीर्थस्वरूप मावशी,

वाकून आणि (तुझे कान नाजूक म्हणून) हळू आवाजात नमस्कार. गुडघा आता कसा आहे? इकडे सगळे मजेत. माझ्या मनाचं तेवढं विचारू नकोस.

रविवारी जेवणं झाल्यावर हिने तुला विचारलं, "मावशी, एकट्या कशाला राहता? आमच्याकडेच या ना." तू ताडकन म्हणालीस, "हो, उद्याच! कधीची वाट बघतेय!" हिला आनंदाने रडूच फुटलं. मी लगेच मागच्या खोलीतलं माझं टेबल बाहेर काढलं (रोजनिशी सध्या शिलाई मशीनशी बसून लिहितो). पण सोमवारी ऑफिसात तुझ्यासारखीच ऐकायची यंत्रं कानांत घालून मी चाचणी करत होतो. त्यातला ब्लूटूथचा भाग आम्हीच लिहितो, हे मी तुला सांगून सांगून तुझे कान आणखी बिघडवले आहेत. आवाज सोडण्याआधी फोनने दोन्ही कानांना विचारायचं असतं: कुठला आवाज हवा, किती बारीक, डाव्यात काय, उजव्यात काय. कान कबूल झाले की मगच आवाज सुटतो. (आपल्याकडची लग्नं एवढं विचारून ठरली असती तर!) मी चाचणीत असताना बाहेरून एक फोन आला, कुणालाही न विचारता थेट दोन्ही कानांत शिरला आणि खोलीतला आवाज गडप. समोर साहेब नुसतेच ओठ हलवत होते. मी फोनवरच्या माणसाला ठणकावून सांगितलं, "छे छे, तुमची काहीतरी चूक होतेय!" साहेबांनी नेमकं तेव्हाच विचारलं होतं, "हा भाग तू लिहिलास ना?"

मीच लिहिला होता. आणि मग एकदम आठवलं. रविवारी निघताना तू म्हणाली होतीस, मघाशी कानातच शेजारणीचा फोन आला, पाण्याची टाकी साफ करायचं एकदाचं ठरलं. मग तुझं "उद्याच" आम्हाला होतं की टाकीला? जो प्रश्न कानापर्यंत पोचलाच नसेल, त्याचा होकार मी कुठल्या तोंडाने धरून बसू? (ही म्हणते, "तुम्ही देवालाही प्रसादाची पोच मागाल.") यंत्रातली चूक दुरुस्त केली आहे. तू नाही म्हणालीस तरी राग नाही. टेबल काय, आल्या वाटेने परत जाईल.

तुझा भाचा

ता. क. उत्तर देताना यंत्रं काढून ठेव आणि फोन बंद कर.

दुसरा ता. क. पाकीट चिकटवण्याआधी हिने पत्र वाचलं आणि हसतच सुटली. म्हणे, टाकीचा फोन तू हिने विचारण्याआधीच ठेवला होतास, आणि नंतर ओट्याशी उभी राहून तू हिला बजावलंस, "मी तुलाच हो म्हटलं, पण सामान इतक्यात बांधायची नाही. दर वेळी बायकोला पुढे करतो गं हा! स्वतः कधी विचारतो ते बघायचंय मला."

मी बराच वेळ आठवून पाहिलं. खरंच, मी कधी विचारलंच नाही.

मावशी, आमच्याकडे राहायला येतेस का?